न आलेल्या भुंग्याचा हिशेब

मृगाचा पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस झाले की तिरोड्यात स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्या होतात. दुरून पाहणाऱ्याला बरे वाटते. जवळ गेले की कळते, ही हिरवळ गाईच्या तोंडाची नाही. गाजरासारखी कातरलेली पाने, वर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. रिकाम्या प्लॉटांवर, शाळेच्या कुंपणाशी, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तेच. गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या आधी धुरा साफ करणारी एक बाई मला म्हणाली, "साहेब, उपटून उपटून हात सोलले जी, पन हे काही जात नाही. आनलं कोनं असन हे?" तिच्या कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते.

बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी आमच्याकडे 'साहेब' सुटत नाही. साहेबाला सगळे ठाऊक असते, असाही एक समज असतो. मी तिला आपले नेहमीचे उत्तर दिले, की हे काँग्रेस गवत, अमेरिकेच्या गव्हातून आले. ती 'असं का जी' म्हणून पुन्हा कामाला लागली. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो. कारण हे उत्तर मी आयुष्यभर देत आलो आहे आणि ते कधी तपासून पाहिलेले नाही. तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांची कागदपत्रे तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे शोभत नाही.

तपासले तेव्हा गोष्ट वाटते तेवढी सरळ निघाली नाही. हे गवत पुण्यातल्या उकिरड्यांवर वाढताना वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना १९५५ साली दिसले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. 'पीएल ४८०' या नावाने गाजलेला अमेरिकेचा कायदा १९५४ चा. पण त्याखालचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे आरोपी घटनास्थळी पोचण्याच्या आधीच गुन्हा घडून गेला होता! त्याआधी, १९५१ साली, अमेरिकेकडून आपण धान्यासाठी कर्ज घेतले होते. तेव्हाच्या गव्हातून बी आले असेल असे म्हणता येते. पण या वनस्पतीचे एकोणिसाव्या शतकातले नमुनेही भारतातल्या संग्रहांत सापडतात. नावाची गंमत तर आणखीच. कुणी म्हणतो, काँग्रेस सरकारने आणले म्हणून काँग्रेस गवत. कुणी म्हणतो, पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून.

कादंबरी लिहिताना खलनायक ठरलेला असला की लेखकाची सोय होते. अमेरिकेच्या गव्हाने आपली अशीच सोय केली. पण हिशेब मांडायला बसले तर उरते ते एवढेच : एक बी कुठल्या तरी बंदरातून आत आले, त्या वेळी कुणी ते पाहिले नाही, आणि पाहिले नाही म्हणून कुठे लिहिलेही नाही. त्याची किंमत सत्तर वर्षे देशभरचे शेतकरी देत आहेत. माणसांना त्वचेचे विकार, दमा, जनावरांच्या चाऱ्याची नासाडी, निंदणीची मजुरी. हा खर्च कुणाच्या खात्यावर नावे पडला? कुणाच्याच नाही.

सही न घेतलेला जामीनदार

बँकेच्या भाषेत सांगायचे तर आयात हा एक व्यवहार आहे. त्याला दोन पक्ष असतात, घेणारा आणि विकणारा. त्यांच्यामध्ये बँक असते, विमा असतो, सरकारचे सीमाशुल्क असते. प्रत्येकाचा नफा-तोटा कुठे ना कुठे लिहिलेला असतो. पण मालाबरोबर कीड, रोग किंवा तणाचे बी आले, तर तोटा यांपैकी कुणाचाच होत नाही. तो त्या धुऱ्यावरच्या बाईचा होतो. ती या व्यवहारात जामीनदार आहे. फक्त तिची सही कुणी घेतलेली नाही. कर्ज बुडाले की वसुली मात्र तिच्याकडून.

वनस्पती आणि प्राणिजन्य मालाच्या आयातीवर जे जैवसुरक्षेचे नियम असतात, त्यांचे काम या न विचारलेल्या जामीनदाराच्या वतीने दारात उभे राहण्याचे आहे. व्यापारी वर्तुळांत या नियमांचा उल्लेख 'अडथळे' म्हणूनच होतो. व्यापार-कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या की टेबलावर पहिल्यांदा सरकवले जातात तेही हेच. म्हणून ते नियम काय आहेत, कशासाठी आहेत आणि आपण स्वतः ते किती पाळतो, हे तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावातूनही पाहिले पाहिजे.

आमच्या तालुक्याचेच आणखी एक उदाहरण घ्या. हा मामा तलावांचा मुलूख, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. बोदलकसा, चोरखमारा ही मोठ्या तलावांची नावे. लहान तलाव तर गावोगाव. तिरोडा भंडारा जिल्ह्यात होते (गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी) तेव्हा मासेमारी सोसायट्यांच्या कर्जप्रकरणांसाठी मी या भागातले अनेक तलाव पायी फिरलो. पाळीवर, काठावर आणि उथळ पाण्यात बेशरमची दाट झुडपे असत. बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेची. ती काही धान्यात लपून आली नाही. शोभेला आणि कुंपणाला चांगली म्हणून हौसेने लावली गेली. जनावर तोंड लावत नाही, फांदी तोडून टाकली तरी मूळ धरते, म्हणून तर हे नाव. तिने काठावरच्या देशी पाणवनस्पतींची जागा घेतली आणि मासळीची अंडी घालण्याची, पिल्ले वाढण्याची जागा गेली. ढिवर कुटुंबांचे उत्पन्न घटले. आम्ही बँकवाले अहवालात लिहीत असू, 'सभासदांची परतफेडीची क्षमता कमी'. क्षमता का कमी झाली, हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

पुढे अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या मंडळींनी तलावांतली बेशरम हातांनी उपटून देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. देशी मासळी परतू लागली. काम मोठे आहे. पण एका झुडपाने केलेले नुकसान भरून काढायला माणसांना वर्षानुवर्षे चिखलात उभे राहावे लागते, हेही त्यातून दिसते.

दारात अडलेला भुंगा

आता उलट बाजू. विदर्भातल्या कापूस उत्पादकाने बोंडअळीचे तडाखे सोसले. पण त्याने मेक्सिकन बोंडभुंग्याचे नाव सहसा ऐकलेले नसते. हा सोंडेवाला भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात शिरला आणि पुढच्या तीस वर्षांत त्याने दक्षिणेतला बहुतेक कापूस पट्टा व्यापला. शेकडो गावांचे अर्थकारण कोलमडले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्या अमेरिकन कापूस मागवत होत्या. गाठींतून भुंगा इथे आला असता तर वऱ्हाडच्या कापसाचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

तो आला नाही. १९०६ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसाच्या गाठींना विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे केले. पुढे १९१४ साली विध्वंसक कीटक व कीड कायदा झाला. अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरातून आणि धुरी दिल्यावरच आत घ्यायचा, असा दंडक होता. शंभराहून अधिक वर्षे लोटली, हा भुंगा अजून भारतात नाही. इंग्रज सरकारला वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा कळवळा होता असे नाही. कापूस हा त्यांच्याही धंद्याचा प्रश्न होता. पण नियम केला आणि पाळला, एवढे खरे.

या यशाचा कुठे पुतळा नाही. अमेरिकेत अलाबामातल्या एन्टरप्राइझ या गावी १९१९ साली खुद्द भुंग्याचे स्मारक उभारले गेले, कारण त्याच्या त्रासाने शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि सावरले. जिथे भुंगा आला तिथे स्मारक झाले. जिथे तो अडवला तिथे अडवणाऱ्यांची आठवणही नाही. बँकेत हे मी पुष्कळ पाहिले आहे. मोठे कर्ज वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा सत्कार होतो. जे कर्ज बुडालेच असते ते आधीच नाकारणाऱ्याला मात्र शिव्या मिळतात. 'धंदा अडवतो', 'नकारात्मक आहे' असे शेरे पडतात. त्याने वाचवलेली रक्कम कुठल्याच ताळेबंदात येत नाही. जैवसुरक्षेचे नियम राबवणाऱ्यांची अवस्था तीच आहे. त्यांनी अडवलेल्या जहाजाचा दर दिवसाचा तोटा मोजता येतो. न आलेल्या भुंग्याचा फायदा मोजता येत नाही.

नियम आणि मुदतवाढ

कागदावर आपली व्यवस्था कच्ची नाही. पाळीव जनावरांच्या आयातीचा कायदा १८९८ चा, वनस्पतींचा १९१४ चा. त्यांच्याच आधारावर पुढचे आदेश निघत गेले. वनस्पतींसाठी आज लागू आहे तो २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश. त्याची रीत कर्जमंजुरीसारखी आहे. आधी जोखमीचा अभ्यास : कोणता माल, कोणत्या देशातून, त्याच्याबरोबर कोणती कीड येऊ शकते. मग आयात परवाना. मग निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र. माल बंदरात आला की नमुने काढून तपासणी, गरज पडल्यास धुरी, आणि तरीही संशय असेल तर माल परत किंवा नष्ट. प्राणिजन्य मालालाही असाच आरोग्यविषयक परवाना लागतो.

व्यवस्था बिघडते ती मुदतवाढीत. २००६ साली सरकारी गव्हाचा साठा कमी पडला, बऱ्याच वर्षांनी मोठ्या प्रमाणावर गहू आणावा लागला, आणि गव्हातल्या तणांच्या बियांबाबतच्या अटी सैल करण्यात आल्या. डाळींचेही तसेच. आपला नियम असा, की वाटाणा-मसुरीला माल निघतो त्या देशातच मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली हवी. कॅनडाचे म्हणणे, आमच्या थंडीत ते शक्य नाही, शिवाय हा वायू ओझोनच्या थराला घातक आहे. या म्हणण्यात तथ्य होते. मग नियम बदलायला हवा होता, नाहीतर पर्याय ठरवायला हवा होता. त्याऐवजी २००४ पासून बरीच वर्षे सवलतीला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत राहिली. आमच्या शेतातली लाखोळी काढणीला येते त्याच सुमारास पिवळा वाटाणा स्वस्तात उतरतो, याचे दुःख वेगळे आहे. ते भावाचे आहे. इथे मुद्दा शिस्तीचा आहे. ज्या खात्याला दर सहामाहीला मुदतवाढ द्यावी लागते, ते खाते आजारी असते, हे बँकेतला शिकाऊ कारकूनही सांगेल.

दुसरे छिद्र आपल्या स्वतःच्या बॅगेत आहे. परदेशातून येणारी मुले-नातवंडे हौसेने बिया, कलमे, कंद आणतात. ती काही तस्कर नसतात. फुलझाड आवडले म्हणून आणतात. बेशरमही अशीच आवडली होती. २०२० साली अनेक देशांतल्या लोकांना न मागवलेली बियांची पाकिटे टपालाने आली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयालाही सावधगिरीची सूचना काढावी लागली. जहाजभर गहू तपासणारी यंत्रणा आहे. पाकिटातल्या चिमूटभर बियांपुढे तिचे फारसे चालत नाही.

हे नियम सगळेच अडवू शकतात असेही नाही. मक्यावरची नवी लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत पोचली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग रात्रीतून दूरवर उडतो. त्याच्याकडे परवाना कोण मागणार? अशा वेळी दारावरच्या पहाऱ्याइतकेच घरातले लक्ष महत्त्वाचे ठरते.

नवापूरचा धडा

घरातले लक्ष म्हणताना नवापूर आठवते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, कर्ज काढून शेड उभारणारे व्यावसायिक एका आठवड्यात रस्त्यावर आले. त्याच सुमारास आपण बर्ड फ्लू असलेल्या देशांतून कोंबडीचे मांस, अंडी वगैरे आणायला बंदी घातली. अमेरिका २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे गेली, आणि जून २०१५ मध्ये अपिलातही आपण हरलो.

का हरलो, हे समजून घेण्यासारखे आहे. १९९५ पासून लागू असलेल्या या संघटनेच्या करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या जीवसृष्टीचे रक्षण करण्याचा अधिकार आहे, पण त्याला शास्त्रीय आधार हवा आणि परक्याला लावलेली कसोटी घरच्यालाही लावलेली हवी. फ्लूच्या सौम्य प्रकारासाठीही आपण बाहेरचा माल रोखत होतो, आणि तो सौम्य प्रकार आपल्याच कोंबड्यांत आहे की नाही, हे नीट तपासत नव्हतो. शिवाय एका कोपऱ्यात रोग दिसला की अख्खा देश बंद. नवापुरात रोग आला तेव्हा तिरोड्याची कोंबडी रोगट ठरली नव्हती. मग हाच न्याय त्यांना का नाही? शेवटी २०२३ साली हा वाद तडजोडीने मिटला, आणि त्या वेळी टर्की, बदक, ब्लूबेरी यांसारख्या मालावरचे आयातशुल्क आपण कमी केले. घरच्या तपासणीत जी कसूर झाली, तिची किंमत सौद्यात मोजली गेली.

आपण विकायला उभे असतो तेव्हा हीच कसोटी आपल्याला जाचक वाटते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, तेव्हा कोकणात संतापाची लाट आली. पण फळमाशी सापडली होती, हे नाकारता येत नव्हते. आपण प्रक्रिया आणि तपासणी सुधारली, आणि २०१५ च्या आरंभी आंब्याला दार उघडले. आमच्या पट्ट्यातल्या गिरण्यांचा तांदूळही आता परदेशी जातो. मालतारण कर्जाच्या तपासणीला मी गोदामात जात असे, तेव्हा पोत्यात पोकळ टोकदार नळी खुपसून काढलेल्या दाण्यांत सोंडे, खपरा यांची अळी शोधावी लागे. तो खपरा भुंगेरा मूळचा आपल्याच भागातला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया त्याला इतक्या धसकून असतात की रिकाम्या कंटेनरच्या फटीदेखील तपासतात. त्यांच्या लेखी 'काँग्रेस गवत' म्हणजे आपला खपरा.

म्हणून 'परदेशी ते सारे वाईट' असा सूर या विषयात लावू नये. मिरची, बटाटा, टोमॅटो, सीताफळ, पपई ही सगळी बाहेरून आलेली. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला दिसला, दोनच वर्षांत महाराष्ट्रातल्या बागा त्याने पांढऱ्या केल्या. त्याला आवरले कुणी? प्वेर्टो रिकोहून २०१० साली रीतसर परवान्याने, विलगीकरणात तपासून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी माशीने. काँग्रेस गवत खाणारा मेक्सिकन भुंगेराही १९८३ साली असाच, पुरी छाननी करून बंगलोरला आणला गेला. ढेकूणही परका, माशीही परकी. माशी येताना कुणीतरी तिची चौकशी केली, तिची नोंद ठेवली. ढेकणाची चौकशी झाली नाही. नियमांचे सार एवढेच आहे.

आता काय?

मार्च २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडले गेले. वनस्पती, जनावरे, मासे यांचे विखुरलेले कायदे एका छत्राखाली आणून एक स्वायत्त प्राधिकरण नेमावे, अशी त्याची कल्पना होती. ती लोकसभा २०१४ साली विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर बारगळले. १८९८ आणि १९१४ च्या पायावरच इमारत उभी आहे.

कायदा होईल तेव्हा होवो. माझ्यासारख्या जमाखर्चाच्या माणसाला दोन गोष्टी त्याआधीही शक्य वाटतात. पहिली, सवलतीची किंमत लिहिणे. आयातीची एखादी अट सैल करायची असेल, तर त्या आदेशातच तिच्यामुळे येऊ शकणाऱ्या किडी-तणांची नावे, संभाव्य खर्च आणि तो कोण सोसणार, हे छापले जावे. बँकेत अपवादात्मक मंजुरी देताना अधिकाऱ्याला कारण लिहून खाली सही करावी लागते. तेवढ्याने निम्म्या अपवादांची गरज संपते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट तालुक्यातली. बंदरावरचा निरीक्षक चुकला तर चूक पहिल्यांदा दिसते ती कृषी सहायकाला, पशुवैद्यकीय दवाखान्याला, तलावावरच्या ढिवराला, धुऱ्यावरच्या बाईला. २०२२ साली लम्पीने राज्यभर जनावरांचे बाजार बंद पडले. अंगावर गाठी आलेले जनावर सगळ्यांत आधी पाहिले ते पशुपालकानेच. 'हे नवीन काहीतरी आहे' असे सांगायला त्याने कुठे जायचे, आणि त्याचे म्हणणे कोण लिहून घेणार? नवे तण, नवी अळी, नवा मासा दिसला तर नोंदवायची एक साधी वही प्रत्येक ग्रामपंचायतीत असावी, आणि ती वही महिन्यातून एकदा कुणी जबाबदार माणसाने वाचावी. १९५५ सालच्या पुण्यात एका वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर उकिरड्यावर गेली म्हणून आपल्याकडे निदान एक तारीख आहे. बेशरम आमच्या तलावांत कोणत्या वर्षी उतरली, हे कुणीही सांगू शकत नाही.

चार दिवसांनी ती बाई पुन्हा भेटली. धुरा साफ झाला होता, हातांना तिने खोबरेल लावले होते. मी तिला म्हटले, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हे गवत कोणी आणलं, ते नक्की माहीत नाही. कोणी लिहूनच ठेवलं नाही." ती जराशी थांबली. मग म्हणाली, "मंग आता जे येऊन राह्यलं, ते तरी लिहून ठेवा जी."